सहकारी साखर उद्योग (बारामती–इंदापूर)
ऊस उत्पादकांनी भागभांडवल घालून उभारलेला, सभासदांच्या मालकीचा ग्रामीण प्रक्रिया-उद्योग. नीरा डावा कालवा (१८८५) वाहू लागल्यावर या अवर्षणप्रवण भागात ऊस रुजला. आधी वालचंदनगरचा खाजगी कारखाना निघाला. पुढे माळेगाव, सोमेश्वर व भवानीनगर येथे सहकारी कारखाने आले (पहा : प्रवरानगर). तोडलेल्या उसाचा उतारा तासागणिक घटतो. म्हणून कारखाना फडाजवळच लागतो आणि रोजगार, वाहतूक व पतपुरवठा पिंपळीसारख्या गावांभोवती टिकतो. साखरेच्या दरावर मात्र जागतिक बाजाराचा परिणाम होतो. मळीपासून इथेनॉल व चिपाडापासून वीज काढल्याने तो काहीसा सोसवतो. ऊस पाणी फार घेतो, हा आक्षेप सिंचनपद्धतीला लागू पडतो, मालकीच्या रचनेला नव्हे (पहा : ठिबक सिंचन).