विमानाच्या इंधन-टाक्यांतील सूक्ष्मजैव दूषण

विमानाच्या इंधन-टाक्यांतील सूक्ष्मजैव दूषण : विमानाच्या टाकीतील इंधन व तिच्या तळाशी साचलेले पाणी यांच्या सीमेवर कवके, किण्वे आणि सूक्ष्मजंतू वाढल्याने होणारे दूषण. त्यामुळे गाळण्या तुंबतात, इंधनमापक चुकीची नोंद दाखवितात व टाकीच्या धातूचे संक्षारण होते.

इतिहास : खनिज तेलातील हायड्रोकार्बने काही सूक्ष्मजीवांचे अन्न होऊ शकतात, हे विमानविद्येत हा प्रश्न उद्‌भवण्यापूर्वीच ज्ञात झाले होते. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ मानाबू मियोशी यांनी १८९५ मध्ये पॅराफिनात शिरणाऱ्या कवकाची नोंद केली. दट्ट्याच्या एंजिनांच्या विमानांत मात्र याचा उपद्रव फारसा जाणवला नाही. कारण पेट्रोलमधील हलकी हायड्रोकार्बने बहुतेक सूक्ष्मजीवांना मानवत नाहीत आणि पेट्रोलातून पाणी लवकर खाली बसते.

दुसऱ्या महायुद्धानंतर झोत एंजिने प्रचारात आली व केरोसीन वर्गातील इंधने वापरली जाऊ लागली. त्यांतील लांब साखळीची अल्केने सूक्ष्मजीवांना पोषक ठरली. याच काळात स्वतंत्र टाकी बसविण्याऐवजी पंखाचा पोकळ भागच जलाभेद्य करून टाकी म्हणून वापरण्याची पद्धत रूढ झाली. परिणामी टाकीतील संक्षारण हे विमानाचा भार वाहणाऱ्या सांगाड्याचेच संक्षारण ठरू लागले. १९५६ च्या सुमारास अमेरिकेच्या हवाई दलाला इंधनात बुळबुळीत गाळ आढळला व त्यानंतर या विषयाच्या पद्धतशीर संशोधनाला चालना मिळाली. क्लॅडोस्पोरियम रेझिनी हे कवक प्रमुख कारण असल्याचे दिसून आले. ‘केरोसीन कवक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कवकाची लैंगिक अवस्था १९६९ मध्ये अमॉर्फोथेका रेझिनी या नावाने वर्णिली गेली.

प्रक्रिया : उंचावरील थंडीत इंधनात विरघळलेले पाणी वेगळे होते, विमान खाली उतरताना वायुमार्गातून दमट हवा टाकीत शिरते व तिच्यातील बाष्पाचे द्रवीभवन होते. या पाण्यात बीजुके रुजतात. कवकजाल पाण्यात राहून इंधनातून अन्न घेते. सु. २५° ते ३०° से. तापमान त्याला मानवते; म्हणून उष्ण व दमट प्रदेशांत, तसेच दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या विमानांत धोका अधिक असतो. चयापचयात निर्माण होणारी कार्बनी अम्ले ॲल्युमिनियमाच्या मिश्रधातूंवर खळगे पाडतात.

नियंत्रण : तळाच्या झडपेतून पाणी नियमितपणे काढून टाकणे हा मूलभूत उपाय होय. इंधनातील पाण्याचे बर्फ होऊ नये म्हणून १९६० नंतरच्या दशकात अमेरिकी लष्करी इंधनात मिसळण्यात आलेले ग्लायकॉल ईथर सूक्ष्मजीवांच्या वाढीलाही आळा घालते, असे आढळले. नागरी विमानांत दूषण आढळल्यास जैवनाशके वापरतात.

जैवनाशकाचे प्रमाण चुकल्यास उपायच घातक ठरू शकतो. २६ फेब्रुवारी २०२० रोजी लंडनजवळील गॅटविक विमानतळावरून उड्डाण केलेल्या एअरबस ए-३२१ विमानाच्या दोन्ही एंजिनांत बिघाड झाला व ते तातडीने परत उतरविण्यात आले. देखभालीच्या वेळी आयसोथायाझोलिनोन वर्गातील जैवनाशक शिफारशीच्या सु. ३८ पट घातले गेल्याचे चौकशीत निष्पन्न झाले. मार्च २०२० मध्ये उत्पादकाने हे जैवनाशक विमानेंधनासाठी विकणे थांबविले. याच सुमारास कोविड-१९ च्या साथीमुळे हजारो विमाने जमिनीवर खिळून होती, म्हणजे दूषणाचा धोका वाढला असतानाच एक परिचित उपाय हातचा गेला. सूक्ष्मजीवांच्या वाढीस पाणी अपरिहार्य असल्याने जैवनाशकांचे स्थान दुय्यम असून टाकी निर्जल राखणे व इंधनाचे नमुने वेळोवेळी तपासणे हाच अधिक विश्वसनीय मार्ग ठरतो.