बूच का उडालं? इंजिनातल्या तेलाच्या दाबाचा इतिहास

मंडळी, आजचा विषय इंजिनातलं तेल. पण सुरुवात एका बुचापासून करू या.

१८८० च्या दशकातलं इंग्लंड डोळ्यांपुढे आणा. रेल्वेचं जाळं पसरलेलं आणि आसांची बेअरिंगं तापून जाम होणं ही नित्याची कटकट. तिथल्या इन्स्टिट्यूशन ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्स या संस्थेनं बीचम टॉवर नावाच्या अभियंत्याकडे घर्षणाच्या प्रयोगांचं काम सोपवलं. टॉवरनं ४ इंच व्यासाचा दांडा फिरता ठेवला. त्याचा खालचा भाग तेलात बुडवला, वरून पितळी अर्ध-बेअरिंग ठेवलं आणि त्यावर भार दिला. वंगण सोडण्यासाठी बेअरिंगला माथ्यावर एक भोक पाडलेलं होतं.

यंत्र सुरू केलं, तर भोकातून तेल आत जाण्याऐवजी बाहेरच येऊ लागलं! बूच मारलं, ते ढकललं गेलं. लाकडी खुंटी ठोकली, तीही वर आली. शेवटी तिथं दाबमापक बसवला. बेअरिंगवर सरासरी भार होता चौरस इंचाला १०० पौंड. काटा मात्र २०० च्या वर गेला.

याचा अर्थ काय? दांडा आणि पितळ एकमेकांना टेकतच नव्हते. दांडा फिरता फिरता तेल स्वतःबरोबर ओढत होता, निमुळत्या फटीत कोंबत होता, आणि त्या दाबावर सगळा भार तरंगत होता. हा अहवाल १८८३ चा. १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनल्ड्स यांनी त्यामागचं गणित मांडलं. तेलाचा दाटपणा, दांड्याचा वेग आणि फटीचा आकार यांचं ते नातं आजही बेअरिंगची रचना करताना वापरतात.

आता मोटारीकडे येऊ. १९०८ च्या फोर्ड मॉडेल टी मध्ये तेलाचा पंप नव्हता. फिरत्या भागांनी उडवलेलं तेल आणि गुरुत्वाकर्षण यांवरच भागायचं. पातळी बघायला खाली दोन छोट्या तोट्या होत्या. पुढे इंजिनांचा वेग वाढला, भार वाढला, तसा पंप आला आणि डॅशबोर्डवर दाबाचा काटा किंवा लाल दिवा आला.

इथंच एक घोटाळा होतो. काट्यावर दिसतो तो पुरवठ्याचा दाब. क्रँकशाफ्टला तोलून धरणारा दाब तो नव्हे. तो टॉवरला सापडला तसा बेअरिंगच्या आतच तयार होतो. मग काटा कशाला हवा? कारण तेल पोचलंच नाही, तर आत पदर धरणार कशाचा?

आणखी एक गोष्ट. पंप तेल पुढे ढकलतो. दाब निर्माण होतो तो वाटेतल्या अडथळ्यामुळे. बेअरिंग झिजलं की फट वाढते, तेल सहज निसटतं आणि दाब पडतो. म्हणून निदानाचा क्रम असा: इंजिन बंद करून आधी तेलाची पातळी बघा. मग सेन्सरवर विश्वास न ठेवता त्या जागी यांत्रिक मापक लावून खरा दाब मोजा. कितीतरी वेळा दोष सेन्सरचाच निघतो. थंड असताना दाब ठीक, पण गरम होऊन आयडलवर पडतो? मग झीज, पातळ झालेलं तेल किंवा थकलेला पंप यांचा संशय घ्या. सदासर्वदा कमीच? तर तळातली जाळी तुंबली आहे का, रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकला आहे का, ते तपासा.

काही जण सरळ जास्त दाट तेल ओततात. काटा वर येतो, गिऱ्हाईक खूश होतं. पण फट तेवढीच राहते, आणि सकाळच्या थंड इंजिनात ते तेल उशिरा पोचतं. टॉवरनं मापक लावला तो आत काय चाललंय हे कळावं म्हणून. आपण काट्याचीच समजूत काढली, तर ते कळायची वाटच बंद होते.

म्हणून चालत्या गाडीत तो लाल दिवा लागला, तर "गॅरेजपर्यंत नेऊ कशीबशी" असं म्हणू नका. बाजूला घ्या, इंजिन बंद करा. तेलाचा तो पदर काही मायक्रॉनचा असतो, आणि तो तुटला की धातूवर धातू घासायला वेळ लागत नाही.