लखोटा, कार्ड आणि खिशांतील फोन

इ. स. १८४४ च्या जून महिन्यांत ब्रिटिश पार्लमेंटापुढें एक अर्ज आला. अर्जदारांपैकीं एक जोसेफ मॅझिनी हा इटालियन देशभक्त होता. लंडनांत आश्रयास राहिलेल्या या गृहस्थास आपलीं पत्रें वाटेंत कोणी तरी फोडतो असा संशय आला, तेव्हां त्यानें मित्रांकडून पाकिटांत खसखशीचे दाणे, वाळूचे कण आणि केस घालून पत्रें मागविलीं. पत्रें हातीं पडलीं, पण दाणे नाहींसे झाले होते. गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहॅम यांच्या हुकमानें पोस्टांतच हें काम चाललें असल्याचें उघडकीस आलें आणि इंग्लंडभर एकच गहजब उडाला. दोन्ही सभागृहांनीं चौकशी-समित्या नेमल्या; पोस्टांतील गुप्त खातें बंद करावें लागलें. मॅझिनी हा महाराष्ट्रास परका नाहीं. त्याच्या आत्मचरित्राचें सावरकरांनीं केलेलें भाषांतर १९०७ सालीं पुण्यांत प्रसिद्ध झालें व सरकारनें तें जप्त केलें. परंतु त्याच्या चरित्रांतील हा खसखशीचा प्रसंग आपल्याकडे फारसा कोणी आठवीत नाहीं.

मला या प्रसंगापेक्षां त्याच्या पुढची गोष्ट अधिक विचार करावयास लावते. ज्या इंग्रज समाजानें पत्र फोडल्याबद्दल मंत्र्यास फैलावर घेतलें, त्याच समाजानें बरोबर सव्वीस वर्षांनीं, म्हणजे १८७० सालीं, पोस्टकार्डाचें आनंदानें स्वागत केलें. ऑस्ट्रियानें आदल्याच वर्षीं ही युक्ति काढली होती. पाकिटास एक पेनी, कार्डास अर्धी. त्या अर्ध्या पेनीच्या लोभानें लोक आपला मजकूर पोस्टमनच्या डोळ्यांपुढें आपण होऊन उघडा ठेवूं लागले. हिंदुस्थानांत १ जुलै १८७९ पासून पाव आण्याचें कार्ड मिळूं लागलें. पाकिटास अर्धा आणा पडे. फोडण्याचा प्रश्नच उरला नाहीं, कारण फोडण्यासारखें कांहीं नव्हतेंच!

तथापि यांत लोकांचा केवळ गैरविचार होता असें म्हणणें अन्यायाचें होईल. आमच्या घरीं आजोबा क्षेमकुशल कार्डावर लिहीत, आणि कर्ज, आजार व सोयरीक या तीन गोष्टी पाकिटांत. मृत्यूच्या वार्तेचें कार्ड मात्र मुद्दाम उघडें असे, आणि त्याचा कोपरा फाडलेला असे. कोणता मजकूर कोणाच्या दृष्टीस पडला तरी चालेल, याचा विवेक त्या पिढीस उत्तम होता. पोस्टाच्या खिडकीवर दोन्ही वस्तु शेजारीं शेजारीं विकत मिळत, म्हणून तो विवेक चालवितां येई.

ही जुनी हकीकत आठवण्याचें कारण सध्यां माझ्या खिशांत आहे. गेलें वर्षभर मी ‘ग्राफीन ओएस’ नांवाची प्रणाली घातलेला स्मार्टफोन वापरीत आहें. गुप्ततेची व सुरक्षिततेची विशेष काळजी घेणारा फोन, असें त्याचें थोडक्यांत वर्णन करतां येईल. माझ्या एका माजी विद्यार्थ्यानें हौसेनें तो मला सजवून दिला. इतिहासाच्या अध्यापकास वस्तु हातांत आली कीं तिची वंशावळ पाहण्याची खोड असते, म्हणून मीं तीहि पाहिली.

ती १९९१ पासून मांडावी हें बरें. त्या वर्षीं फिल झिमरमन या अमेरिकन गृहस्थानें संगणकावरील पत्रांस कुलूप घालणारी ‘प्रेटी गुड प्रायव्हसी’ ही आज्ञावली लोकांस फुकट देऊन टाकली. असलीं कुलुपें तेथील कायद्यानें युद्धसामग्रींत मोडत! ती परदेशीं गेल्याबद्दल झिमरमनवर तीन वर्षें फौजदारी चौकशीचें सावट होतें. १९९६ त सरकारनें ती चौकशी सोडून दिली. सरकार हरलें, परंतु झिमरमनचें कुलूप जिंकलें मात्र नाहीं. १९९९ सालीं अल्मा व्हिटन व डग टायगर या संशोधकांनीं बारा माणसांपुढें ती आज्ञावली ठेवून, दीड तासांत एक पत्र सही करून कुलुपबंद पाठवा, असें सांगितलें. एकतृतीयांश लोकांसच तें साधलें. तिघांनीं तर जें गुपित राखावयाचें तेंच उघड्या पत्रानें पाठवून दिलें. मला ही परीक्षा मॅझिनीच्या प्रसंगाइतकीच महत्त्वाची वाटते. मॅझिनीचें पत्र दुसऱ्यानें फोडलें. येथें कुलूप लावतां न आल्यामुळें मालकानेंच घर उघडें टाकलें.

पुढें २०१३ च्या जूनमध्यें एडवर्ड स्नोडेननें अमेरिकेच्या पाळतीचे कागद बाहेर काढले आणि जगाला पुन्हां एकदां खसखस आठवली. दुसऱ्याच वर्षीं झिमरमनच्या सायलेंट सर्कल या कंपनीनें ‘ब्लॅकफोन’ काढला. किंमत ६२९ डॉलर. त्यांत गूगलच्या सेवा मुळींच नव्हत्या. पण ज्या दुकानांतून सारें जग ॲपें घेतें त्याचें दारच बंद असल्यावर गिऱ्हाईक किती दिवस थांबणार? २०१५ च्या दुसऱ्या ब्लॅकफोनांत तें दार उघडावें लागलें, आणि तरीहि बाजारांत त्याचा टिकाव लागला नाहीं.

त्याच २०१४ सालीं कॅनडांत डॅनियल मिके या तरुण प्रोग्रामरनें आजच्या ग्राफीनचा पाया ‘कॉपरहेड’ या नांवानें घातला. २०१८ त भागीदारांत वितुष्ट आलें. फोनांस नव्या सुधारणा पाठवितांना ज्या गुप्त किल्ल्यांनीं सही करावी लागते, त्या मिकेनें कंपनीच्या हातीं जाऊं न देतां नष्ट करून टाकल्या. आपल्या कामावर आपणच पाणी सोडण्याचा हा निर्णय कोणास हट्टीपणाचा वाटेल. मला मात्र त्यांत जुन्या किल्लेदारांची आठवण होते. काम पुन्हां उभें राहिलें व २०१९ पासून तें ‘ग्राफीन ओएस’ या नांवानें चालूं लागलें.

त्यानंतर २०२१ मध्यें जें घडलें तें या साऱ्या इतिहासाचें मर्म आहे. सामान्य ॲन्ड्रॉइड फोनांत गूगलच्या सेवा म्हणजे घरांतला जुना कारभारी. प्रत्येक खोलीची किल्ली त्याच्या कमरेला. शुद्धतावाद्यांचें म्हणणें असें कीं, त्याला हांकलून द्या. पण त्याला हांकललें कीं नकाशा चुकतो, निरोप वेळेवर येत नाहीं, निम्मीं ॲपें रुसून बसतात. ग्राफीनच्या मंडळींनीं निराळा मार्ग काढला. त्यांनीं कारभाऱ्यास भाडेकरू केलें! ज्याला हव्या असतील त्यानें गूगलच्या सेवा ठेवाव्यात. परंतु इतर कोणत्याहि ॲपाप्रमाणें एका खोलींत, आणि खोलीबाहेर पाऊल टाकण्यापूर्वीं मालकास विचारून. एखादें ॲप पत्ते-वहीसाठीं अडून बसलें तर तिच्यांतलीं निवडक नांवेंच त्याला दाखवितां येतात, आणि ज्याला इंटरनेटचें कारण नाहीं त्याचें इंटरनेट तोडतां येतें. कार्डावर काय आणि पाकिटांत काय, हें ठरविण्याचा आजोबांचा अधिकार मला अशा रीतीनें परत मिळाला. यांत एक गंमत आहे. गूगलपासून अंतर राखूं पाहणारी ही प्रणाली वर्षानुवर्षें गूगलच्याच पिक्सेल फोनांवर चालत आली, कारण सुरक्षिततेची चिप आणि परक्या प्रणालीस बसूं देऊनहि कुलूप शाबूत ठेवण्याची सोय त्या यंत्रांत होती.

आतां अनुभव. पहिले दोन महिने मी सोवळेपणाचे काढले. नंतर गूगलला एक खोली दिली, आणि घरांतील माणसांचा माझ्यावरील राग ओसरला. दरम्यान एक गोष्ट लक्षांत आली ती अशी कीं, माझ्या फोनाची कवाडें मीं कितीहि लावलीं तरी माझें नांव, नंबर आणि वाढदिवस आप्तेष्टांच्या पन्नास फोनांतून जगभर हिंडतच आहे. पत्राला दोन टोकें असतात हें मॅझिनीला ठाऊक होतें. मी विसरलों होतों.

पण खरी अडचण आली ती बँकेची. ज्या बँकेंत माझें निवृत्तिवेतन पुढें जमा व्हावयाचें आहे, तिच्या ॲपानें ‘हें यंत्र सुरक्षित नाहीं’ असें सांगून दार लावून घेतलें. सामान्य फोनाहून ज्याला अधिक कुलुपें, तोच असुरक्षित ठरला! याचें कारण साधें आहे. असलीं ॲपें यंत्राची परीक्षा स्वतः करीत नाहींत. फोनावरील प्रणालीस गूगलची मान्यता आहे कीं नाहीं, एवढेंच गूगलला विचारतात. ग्राफीनच्या प्रणालीची सचोटी यंत्रांतील चिपवरून तपासतां येते, व ती रीत प्रकल्पानें जाहीरहि केली आहे. कांहीं ॲपांनीं ती स्वीकारली, कांहींनीं नाहीं. बँकेला फसवणुकीची भीति आहे हें मी समजूं शकतों. तिच्या गिऱ्हाइकांपैकीं बहुतेकांस हा फरक समजावून सांगणेंहि सोपें नाहीं.

तरी येथें जुन्या आणि नव्या काळांत एक भेद पडला आहे, आणि तो मला स्वस्थ बसूं देत नाहीं. १८७९ सालीं सरकारनें कार्ड काढलें, पण पाकीट बंद केलें नाहीं. अर्धा आणा मोजण्याची ज्याची तयारी, त्याला आपला मजकूर झांकतां येई. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. पण जिच्याशीं रोजचा व्यवहार आहे ती बँक फक्त कार्डच घेईन म्हणूं लागली, तर पाकीट बाळगून मी तें कोणाला पाठवूं? सोय आणि गुप्तता यांचा तोल मीं माझा साधावा हें ठीक. परंतु तराजूचें एक पारडें दुसऱ्याच्या हातांत असतां तो साधावा कसा?

तूर्त मीं जुना फोन टेबलाच्या खणांत केवळ बँकेसाठीं ठेवला आहे. महिन्यांतून दोनदां त्याला जागवावें लागतें. शाखेच्या व्यवस्थापकांस मीं या विषयावर सविस्तर पत्र लिहिलें, तें पाकिटांतून. उत्तर त्या खणांतल्या फोनावर आलें: आपली विनंती नोंदविण्यांत आली आहे.