नाताळ आणि बडा दिन

एकाच सणाला भारतीय भाषांत दोन निरनिराळ्या वाटांनी नावे मिळालेली आहेत. मराठी, कोकणी आणि गुजराती या पश्चिम किनाऱ्यावरील भाषा ख्रिस्तजन्माच्या उत्सवाला नाताळ म्हणतात. हा शब्द पोर्तुगीजांचा. पाव, पगार, चावी आणि बटाटा यांच्या सोबतीने तो किनाऱ्यावर उतरला आणि मराठीत असा मुरला, की त्याचे परकेपण आज कोणास जाणवतही नाही. हिंदी आणि बंगाली या भाषांनी मात्र शब्द उसना घेतला नाही. त्यांनी आपल्याच शब्दांतून 'बडा दिन' हे नाव घडविले. १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात, युरोपीयांच्या मोठ्या सणाला, विशेषतः नाताळाला, एतद्देशीय लोक लावतात ती संज्ञा, अशी तिची नोंद आहे. नाताळ हे सण साजरा करणाऱ्यांनी दिलेले नाव होय, तर बडा दिन हे तो साजरा होताना बाहेरून पाहणाऱ्यांनी दिलेले. या दोन नावांमधील अंतर ध्यानी ठेवले, म्हणजे परदेशस्थांच्या या सणाचा भारतातील इतिहास पुष्कळसा उलगडतो.

पोर्तुगीजांचा नाताळ भारतात येण्यापूर्वीच प्रवासाला निघालेला होता. १४९७ च्या डिसेंबरात वास्को द गामाची गलबते आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्याजवळून जात असताना हा सण आला आणि त्या किनाऱ्याला नाताळ हेच नाव पडले. पुढच्या वर्षी मे महिन्यात ती गलबते कालिकतला पोहोचली. १५१० मध्ये गोवा घेतल्यानंतर आल्बुकर्कने आपल्या लोकांना स्थानिक स्त्रियांशी विवाह करण्यास उत्तेजन दिले. धर्मांतर आणि सत्ता यांचा कठोर इतिहासही याच काळाचा आहे. पण सणापुरते बोलायचे, तर दोन-तीन पिढ्यांत तो पाहुण्यांचा राहिला नाही. तो नारळाच्या रसात आणि तांदळाच्या पिठात उतरला, घरोघरच्या गोडधोडात मिसळला. नाताळ हा शब्द मराठीला परका वाटत नाही, याचे कारण तो सण येथे परदेशस्थांचा म्हणून फार काळ उरलाच नाही.

उत्तरेत चित्र निराळे होते. अकबराच्या आणि जहांगीराच्या काळात आग्रा व लाहोर येथे राहिलेल्या जेझुइट पाद्र्यांनी तेथे नाताळात गव्हाणीचे देखावे मांडले आणि ते पाहावयास मुसलमान व हिंदू लोकांची गर्दी होई, असे त्यांच्या पत्रव्यवहारावरून दिसते. मूठभर परक्यांचा सण आणि तो कुतूहलाने पाहणारा मोठा समाज, असा हा संबंध होता. सत्ता बादशहाकडे होती. पाद्री पाहुणे होते. हा संबंध उलटला तो बंगालमध्ये.

१७५६ चा नाताळ कलकत्त्याच्या इंग्रजांनी घराबाहेर काढला. जूनमध्ये सिराजउद्दौल्याने शहर घेतल्यावर जे निसटले, ते हुगळीच्या मुखाकडील फलता येथे गलबतांवर आणि दलदलीच्या काठी तापाने झिजत पडले होते. मद्रासहून क्लाइव्ह आणि वॉटसन डिसेंबरात तेथे आले, २७ डिसेंबरला आरमार नदीतून वर निघाले आणि २ जानेवारी १७५७ रोजी कलकत्ता परत मिळाले. सहा महिन्यांनी पलाशीची लढाई झाली. ज्यांना एक नाताळ आश्रिताच्या दशेत काढावा लागला, त्यांचाच सण पुढे प्रजेला 'बडा' म्हणावा लागेल इतका मोठा झाला.

या बड्या दिवसाचे वर्णन अनेकांनी केले आहे. १८२३ मध्ये कलकत्त्याचा बिशप म्हणून आलेला रेजिनाल्ड हेबर आणि १८२२ च्या अखेरीस तेथे उतरलेली फॅनी पार्क्स या दोघांच्याही लेखनात त्याचे तपशील सापडतात. इंग्रजांच्या दारांशी केळीचे खुंट उभे राहत, फाटकांवर फुलांच्या माळा चढत. नोकरचाकर फळे, मिठाई, मासे यांनी भरलेली तबके घेऊन येत आणि बक्षिसाची अपेक्षा करीत. केळीचे खुंट आणि झेंडूच्या माळा ही इंग्लंडातील नाताळाची सजावट नव्हे. ती येथील मंगलकार्याची होय. साहेबाच्या दाराला तोरण बांधताना माळ्याने आणि बेहऱ्याने आपल्याला ठाऊक असलेल्या सणाची भाषा वापरली. परक्याचा सण नेमका काय आहे हे त्यांना ठाऊक असण्याची गरज नव्हती. सण आहे आणि तो धन्याचा आहे, एवढे पुरेसे होते.

फळाफुलांच्या या तबकाला डाली म्हणत. ती केवळ नोकरच देत असे नाही. कंत्राटदार, व्यापारी, जमीनदार आणि हाताखालचे अंमलदार हेही बड्या दिवशी डाली घेऊन साहेबाच्या बंगल्यावर हजर होत. कंपनीच्या नोकरांनी नजराणे घेऊ नयेत असे १७७३ च्या कायद्याने ठरविले होते, तरी फळे आणि फुले यांना कोण लाच म्हणणार? डालीत जिव्हाळा किती आणि भीती किती, हे देणाऱ्यालाही नेमके सांगता आले नसते. वर्षानुवर्षे एका घरी राबलेल्या माणसाने आणलेली माळ आणि कंत्राटावर डोळा ठेवून आलेली संत्र्यांची करंडी या एकाच तबकात शेजारी शेजारी बसत. बडा दिन हा म्हणूनच सण असूनही हजेरीचा दिवस होता.

आणि ज्याच्यासाठी हे सारे चाले, त्या साहेबाचे मन तेथे नसे, ही या सणाची दुसरी बाजू. केप ऑफ गुड होपला वळसा घालून येणाऱ्या जहाजाला पाच-सहा महिने लागत. नाताळात लिहिलेल्या पत्राचे उत्तर हाती यावयास पुढला नाताळ उजाडे. पार्क स्ट्रीटच्या १७६७ मध्ये सुरू झालेल्या दफनभूमीतील थडग्यांवरची वये वाचली, म्हणजे या शहरात परक्यांची आयुष्ये किती तोकडी होती हे दिसते. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि अंतर काही आठवड्यांवर आले. पण त्यामुळे घराची ओढ कमी न होता वाढलीच. फरच्या झाडाऐवजी सुरूची फांदी उभी करायची, तीवर कापूस लावून बर्फ मानायचे, अशी ही घराची नक्कल होती. त्यातच मुले सहा-सात वर्षांची होताच शिक्षणासाठी विलायतेस धाडण्याची रीत असल्यामुळे, ज्यांच्यासाठी हा सण, तीच अनेक घरांत नसत.

रडयार्ड किपलिंगचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. त्याचा जन्म ३० डिसेंबर १८६५ चा, मुंबईतला. १८७१ मध्ये त्याला इंग्लंडात परक्या घरी ठेवण्यात आले आणि १८८२ मध्ये तो लाहोरच्या वृत्तपत्रात नोकरीसाठी परतला. भारतातील नाताळावर त्याची एक प्रसिद्ध कविता आहे. तिच्यात परवासाचे दुःख दाटलेले आहे. परंतु मुंबईत जन्मलेल्या आणि इंग्लंडात पोरक्यासारख्या वाढलेल्या माणसाचे घर नेमके कोठले? १८८५ च्या नाताळासाठी त्याने, त्याच्या आईवडिलांनी आणि बहिणीने मिळून 'क्वार्टेट' हा विशेषांक लाहोरहून काढला. त्या कुटुंबाच्या दृष्टीने घर म्हणजे कदाचित एकत्र जमलेली ही चार माणसेच होती.

त्याच १८८५ च्या नाताळच्या आठवड्यात मुंबईत दुसरी एक सभा भरली. गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत २८ डिसेंबर रोजी भारतीय राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन झाले. ते पुण्यास व्हावयाचे होते. तेथे पटकी उद्भवल्याने मुंबईस हलविण्यात आले. त्याला बहात्तर प्रतिनिधी उपस्थित होते. डिसेंबरचा शेवटचा आठवडा निवडण्याचे कारण व्यवहारी होते. राज्यकर्त्यांच्या सणानिमित्त न्यायालये, कचेऱ्या आणि महाविद्यालये बंद असत. वकील, संपादक आणि प्राध्यापक यांना दूरचा प्रवास करता येई. पुढे चार दशकांहून अधिक काळ बहुतेक वार्षिक अधिवेशने याच सुट्टीत भरली. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८८७ मध्ये सुरू झालेली सामाजिक परिषदही त्यांना जोडूनच भरे, आणि १८९५ च्या पुण्याच्या अधिवेशनात तिला मंडप द्यावा की नाही यावरून जो वाद पेटला तोही नाताळातलाच. १९०७ ची सुरतेची फूट, १९२० चा नागपूरचा असहकाराचा ठराव आणि १९२९ मध्ये लाहोरास ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री झालेली पूर्ण स्वातंत्र्याची घोषणा, हे सारे या सुट्टीत घडले. साहेब ज्या आठवड्यात घराच्या आठवणीने व्याकूळ होई, त्याच आठवड्यात देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली माणसे हे घर कोणाचे, हा प्रश्न विचारीत होती. बड्या दिवसाने आपल्या नकळत केलेले हे सर्वांत मोठे दान म्हणावे लागेल.

काही दाने लहान, पण टिकाऊ ठरली. केरळातील तलश्शेरीत १८८३ च्या डिसेंबरात ब्राउन नावाच्या मळेवाल्या इंग्रजाने विलायतेहून आणलेल्या केकचा नमुना मांबळ्ळी बापू या बेकरीवाल्याला दाखविला आणि बापूने स्थानिक जिन्नस वापरून तसाच केक करून दिला, अशी कथा तेथे परंपरेने सांगितली जाते. कलकत्त्याच्या न्यू मार्केटातील, १९०२ साली सुरू झालेल्या नाहूम या बगदादी ज्यू कुटुंबाच्या पेढीचे नाव नाताळच्या केकशी कायमचे जोडले गेले. ज्यूंनी भाजलेला ख्रिस्ती सणाचा केक हिंदू व मुसलमान गिऱ्हाइकांनी रांग लावून न्यावा, यात कोणालाही विसंगती वाटली नाही.

परदेशस्थ मात्र सारेच सत्ताधारी नव्हते. १९१० मध्ये रवींद्रनाथांनी शांतिनिकेतनात ख्रिस्तोत्सव सुरू केला, पुढे सी. एफ. अँड्र्यूज तेथे राहावयास आले, तेव्हा या इंग्रजाचा सण त्याच्या आधीच तेथे येऊन पोहोचला होता. त्याला तो मांडावा लागला नाही, त्यात सामील व्हावे लागले. दुसरे उदाहरण महाराष्ट्रातले. दुसऱ्या महायुद्धात पोलंडमधून सोव्हिएत प्रदेशात हद्दपार झालेली आणि तेथून इराणमार्गे सुटलेली सुमारे पाच हजार माणसे, बहुतांशी स्त्रिया आणि मुले, १९४३ पासून १९४८ पर्यंत कोल्हापूरजवळ वळिवडे येथील छावणीत राहिली. पोलिश रीतीनुसार नाताळच्या आदल्या सायंकाळी पहिली चांदणी दिसल्यावर जेवण सुरू होते, मेजावरील कापडाखाली गवत पसरतात आणि अनपेक्षित अतिथीसाठी एक पान रिकामे ठेवतात. ज्यांचे स्वतःचेच गाव नकाशावर दुसऱ्या देशात गेले होते, त्या कुटुंबांना त्या रिकाम्या पानाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागला नसेल. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ उभा आहे.

कलकत्त्याचा साहेब आणि वळिवड्याची निर्वासित आई, दोघेही घरापासून दूर होते. एकाला घरी परतता येत होते आणि सत्तेपायी तो येथे थांबला होता. दुसरीला परतावयास घरच उरले नव्हते. साहेबाच्या दारी डाली आली, तिच्यात हिशेब होता. वळिवड्याच्या छावणीकडून कोणाला काही मिळावयाचे नव्हते, तरी तिला पाच वर्षे आसरा मिळाला. १९४७ नंतर साहेब गेला, डालीची प्रथाही त्याच्यामागे विरत गेली. सुट्टी राहिली, केक राहिला आणि दोन्ही नावेही राहिली. त्यांतले बडा दिन हे नाव आता कोणाच्या मोठेपणाची हजेरी मागत नाही.