इंजिनाला ‘पाठदाब’ लागतो का?

गाड्यांची हौस असलेला एखादा विद्यार्थी आपल्या वर्गात असेलच. त्याला विचारा, गाडीचा मूळ सायलेन्सर काढून मोठ्या व्यासाची नळी बसवली तर काय होईल? बहुधा उत्तर येईल, ‘वेगात गाडी जोरात पळेल, पण खालच्या वेगात ओढ जाईल, कारण इंजिनाला थोडे बॅक प्रेशर लागतेच.’ हेच उत्तर गॅरेजमध्ये मिळते, आणि इंग्रजी मोटार-मासिकांतही ते अनेकदा छापून आलेले आहे. यातले निरीक्षण बऱ्याच अंशी खरे आहे. दिलेले कारण मात्र चूक आहे. धुराच्या नळीचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला तर अशीच जोडी, म्हणजे खरे निरीक्षण आणि चुकीचे कारण, पुन्हा पुन्हा भेटते. विज्ञान शिकवणाऱ्यांना म्हणूनच हा इतिहास उपयोगी पडावा.

आधी थोडी उजळणी. चार-धावी इंजिनात दट्ट्याच्या चौथ्या धावेत जळालेला वायू बाहेर ढकलला जातो. दट्ट्या अगदी वरच्या टोकाला पोचला तरी त्याच्या माथ्यावर ज्वलनकक्षाची पोकळी उरतेच, आणि तिथला वायू दट्ट्याला बाहेर ढकलता येत नाही. संपीडन गुणोत्तर ९ असेल तर ही पोकळी दट्ट्याने कापलेल्या घनफळाच्या एक-अष्टमांश असते. म्हणजे ३२५ घन सेंटिमीटरच्या एका सिलिंडरमध्ये सुमारे ४० घन सेंटिमीटर जागा शिळ्या धुराने अडवलेली असते. टर्बो किंवा अन्य पंप नसलेल्या, स्वतःच्या ओढीनेच हवा घेणाऱ्या इंजिनाला ही जागा मोकळी करून मिळाली तर तो फायदाच. प्रश्न एवढाच, की दट्ट्या पोचत नाही तिथला धूर बाहेर काढणार कोण?

मँचेस्टरच्या क्रॉसली बंधूंच्या कारखान्यात १८९०च्या दशकात याचे एक उत्तर सापडले. ‘अॅटकिन्सन चक्र’ ज्यांच्या नावाने ओळखले जाते त्या जेम्स अॅटकिन्सन यांनी तिथल्या संथ गतीच्या गॅस-इंजिनाला सुमारे ६५ फूट लांबीची धुराची नळी जोडली. नळी जितकी लांब तितका अडथळा जास्त, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात निष्कास धावेच्या अखेरीस सिलिंडरमधला दाब वातावरणाच्या दाबाखाली जाऊ लागला. त्याच क्षणी हवेची झडप उघडी ठेवली की ताजी हवा आत खेचली जाई आणि उरलासुरला धूर धुवून निघे. या सफाईसाठी वेगळा पंप लागत नव्हता, ते काम नळीच करत होती.

हे का घडते, हे सांगण्यासाठी लागणारे गणित तेव्हा तयार होते. गंमत अशी, की ते ऑटोच्या १८७६ सालच्या इंजिनापेक्षाही जुने होते. इंग्लंडमधील पाद्री आणि गणिती सॅम्युएल अर्नशॉ आणि जर्मनीतील बर्नहार्ड रीमान या दोघांनीही १८६० मध्ये वायूतील मोठ्या दाबाच्या लाटांवर निबंध प्रसिद्ध केले. रीमान हे नाव गणिताच्या शिक्षकांना वेगळ्या कारणांनी परिचित असेल. ध्वनीची लाट इतकी क्षीण असते की तिच्या सर्व भागांचा वेग सारखाच धरता येतो. इंजिनाच्या नळीतली लाट मात्र दांडगी असते. तिचा माथा पायथ्यापेक्षा वेगाने धावतो आणि पुढची बाजू उभी होत जाते. अशा लाटांचे समीकरण या दोघांनी मांडले होते, पण कारखान्यातला माणूस ते निबंध वाचत नव्हता आणि निबंध वाचणारा कारखान्यात जात नव्हता. पुढची अनेक दशके इंजिनवाले कापून, जोडून आणि कान लावूनच नळ्या ठरवत राहिले.

या दुराव्याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे मिशेल कादेनासी. मूळचा रशियन आणि फ्रान्समध्ये राहणारा हा अभियंता. १९३०च्या दशकात त्याने पेटंटे घेतली. निष्कासाची वाट झटकन उघडली की वायूचा गोळा बंदुकीच्या गोळीसारखा बाहेर पडतो आणि मागे जवळजवळ निर्वात पोकळी सोडून जातो, ही त्याची कल्पना होती. ब्रिटनमधील पेटर कंपनीने या तत्त्वावर दोन-धावी डिझेल इंजिने बनवली आणि ती चाललीही. साहजिकच कादेनासीचे समर्थक म्हणू लागले, ‘इंजिन चालते, म्हणजे सिद्धान्त बरोबर.’ हा तर्क किती घसरडा आहे हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको. पुढे नळीतील दाब प्रत्यक्ष मोजले गेले, लाटांचे गणित त्यांना लावले गेले आणि स्पष्ट झाले की परिणाम खरा असला तरी गोळी वगैरे काही नाही. जाणाऱ्या वायूचे जडत्व आणि नळीत येरझारा घालणाऱ्या लाटा एवढ्यावर सगळे उलगडते.

ही लाट आता जवळून पाहू. निष्कास झडप उघडते तेव्हा सिलिंडरमधला दाब वातावरणाच्या कितीतरी पट असतो. त्याचा एक धक्का, म्हणजे संपीडनाची लाट, नळीतून पुढे धावते. नळीच्या उघड्या टोकाशी, किंवा जिथे नळी एकदम रुंद होते तिथे, ती परावर्तित होते, आणि परावर्तनात तिचे चिन्ह बदलते. गेली संपीडनाची लाट, परत आली विरलनाची. अनुनाद नलिकेच्या प्रयोगात हेच तत्त्व आपण शिकवतो. ही विरल लाट परत येऊन झडपेशी टिकून राहिली आणि दट्ट्या वरच्या टोकाला असताना, आत घेणारी आणि बाहेर सोडणारी अशा दोन्ही झडपा क्षणभर उघड्या असतानाच तिथे पोचली, तर ते चाळीस घन सेंटिमीटर बाहेर ओढले जातात.

तेराशे सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत आहे असे धरू. क्रँकशाफ्ट एका मिलिसेकंदात ३६ अंश फिरतो. निष्कास झडप दट्ट्या खालच्या टोकाला पोचण्याच्या ५५ अंश आधी उघडते. तापलेल्या धुरात लाटेचा वेग सेकंदाला सुमारे ५२० मीटर. झडपेपासून चारही नळ्या एकत्र येतात त्या सांध्यापर्यंतचे अंतर ८५ सेंटिमीटर असेल तर जाऊन-येऊन १.७ मीटर, म्हणजे ३.३ मिलिसेकंद, म्हणजे सुमारे ११८ अंश. विरल लाटेचे डोके खालचे टोक ओलांडल्यावर ६३ अंशांनी झडपेशी पोचेल. ही लाट शंभरएक अंश लांब असते, त्यामुळे तिची शेपटी दट्ट्या वर येईपर्यंत पुरते. जमले!

आता तेच इंजिन ३००० फेऱ्यांवर आणा. लाटेला वेळ तेवढाच लागतो, पण क्रँकशाफ्ट मात्र निम्मेच, ५९ अंश फिरतो. विरल लाट फार लवकर येते, झडपेवरून उलट फिरते, पुन्हा सांध्यापर्यंत जाते आणि पुन्हा चिन्ह बदलून परत येते. या खेपेला ती येते संपीडनाची लाट होऊन, आणि येते नेमकी ११८ अंशांनी! ज्या क्षणी ओढ हवी त्याच क्षणी धक्का बसतो आणि धूर सिलिंडरमध्ये परत ढकलला जातो. खालच्या वेगातली ओढ जाते ती अशी. दाब ‘कमी पडला’ म्हणून नव्हे, तर चुकीच्या वेळी तो जास्त झाला म्हणून. पाठदाबाच्या समजुतीचा याहून नेमका उलटा पुरावा मिळणे कठीण.

लांबीचे हे झाले. व्यासाचे काय? शेतातल्या पाटाची कल्पना करा. एक बादली पाणी अरुंद पाटात एकदम ओतले तर उंच लोंढा धावतो, आणि रुंद पाटात ओतले तर नुसती खळबळ होते. तोच धूर रुंद नळीत सोडला की लाटेची उंची कमी होते, प्रवाहाचा वेगही घटतो आणि त्याचे जडत्व क्षीण होते. वर घेतलेल्या इंजिनाला प्रत्येक सिलिंडरमागे साधारण ३३ मिलिमीटर आतला व्यास पुरतो. हौसेने कोणी ४२ मिलिमीटरची नळी बसवली तर छेदाचे क्षेत्रफळ १.६ पट होते आणि वेग जेमतेम साठ टक्के उरतो. सांध्यापुढच्या एकेरी नळीचा न्याय वेगळा. तिथे घर्षणाचा हिशोब महत्त्वाचा, आणि खळबळत्या प्रवाहात दाबाचा व्यय व्यासाच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. ४४ ऐवजी ४८ मिलिमीटरची नळी घेतली तर तेवढ्याच लांबीत व्यय सुमारे पस्तीस टक्क्यांनी घटतो. त्यापुढे आणखी रुंद नळी घेऊन मिळण्यासारखे थोडेच उरते, आवाज मात्र भरपूर मिळतो.

हे हिशोब कारखान्याबाहेरच्या लोकांपर्यंत पोचायला १९६०चे दशक उजाडावे लागले. फिलिप स्मिथ यांचे इंजिनाच्या आत-बाहेरच्या नळ्यांवरचे इंग्रजी पुस्तक त्याच दशकातले. शर्यतीच्या मैदानात तोवर ओतीव लोखंडाच्या आखूड मॅनिफोल्डची जागा प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र, वळणदार पोलादी नळीने घेतली होती. यालाच आज बाजारात हेडर म्हणतात. स्वतंत्र नळीची गरज साधी आहे. चार सिलिंडरच्या इंजिनात दर १८० अंशांनी एक सिलिंडर धूर सोडतो, पण प्रत्येकाची झडप त्याहून बराच जास्त काळ उघडी असते. आखूड मॅनिफोल्डमध्ये शेजाऱ्याचा धक्का थेट घरात शिरतो. म्हणून काही हेडरांत पहिला आणि चौथा, दुसरा आणि तिसरा अशा, एकमेकांपासून ३६० अंश दूर असलेल्या सिलिंडरांच्या जोड्या आधी जुळवतात आणि मग दोन्हींची एक नळी करतात. ‘चार-दोन-एक’ म्हणतात ते हेच. ते मधल्या वेगात चांगले खेचते. ‘चार-एक’ वरच्या वेगात सरस ठरते, पण त्याचा लाभ अरुंद पट्ट्यातच मिळतो.

आठ सिलिंडरच्या व्ही आकाराच्या इंजिनात ही जुळवणी फार अवघड जाते, कारण नेहमीच्या रचनेत एकाच बाजूचे दोन सिलिंडर लागोपाठ धूर सोडतात. कॉव्हेंट्री क्लायमॅक्स कंपनीने १९६१ साली आपल्या दीड लिटरच्या शर्यती इंजिनात नळ्या एका बाजूकडून दुसरीकडे ओलांडून नेल्या. फोर्डच्या जीटी-४० गाडीवरच्या अशाच नळ्यांच्या गुंत्याला तर ‘सापांची मोळी’ असे नाव पडले. क्लायमॅक्सने १९६३ मध्ये क्रँकशाफ्टचीच रचना बदलली आणि तो गुंता संपवला. नळीच्या सोयीसाठी इंजिनाचा कणा बदलावा लागला, यावरून नळीचे महत्त्व ओळखावे!

मग पाठदाबाची समजूत रुजली कशी? मला वाटते, तिला दोन-धावी इंजिनांनी हातभार लावला असावा. त्या इंजिनात ताजे मिश्रणही निष्कासाच्या वाटेने निसटू पाहते, आणि तिथे परत येणारी संपीडनाची लाट ते आत ढकलून खरोखर उपकारच करते. पूर्व जर्मनीत एमझेड कंपनीच्या वॉल्टर काडेन यांनी आधी फुगत जाणारी आणि मग निमुळती होणारी नळी वापरून १९६१ पर्यंत १२५ सीसीच्या इंजिनातून २५ अश्वशक्ती काढली. त्याच वर्षी त्यांचा शर्यतपटू एर्न्स्ट डेगनर पश्चिमेला पळाला आणि ही विद्या जपानच्या सुझुकी कंपनीकडे पोचली. आपल्याकडच्या आरएक्स-१०० मोटारसायकलच्या पोटफुग्या सायलेन्सरच्या आत हेच तत्त्व आहे. पण तिथेही काम करते ती वेळेवर येणारी लाट, सतत तुंबलेला दाब नव्हे. दुसरा हातभार कार्ब्युरेटरचा. नळी बदलली, धूर मोकळा वाहू लागला, हवा जास्त आली, पण पेट्रोलचे जेट तेच राहिले, तर मिश्रण विरळ होते आणि इंजिन अडखळते. दोष जातो बिचाऱ्या पाठदाबाच्या अभावाकडे.

उघडे टोकही लाट परत पाठवते यावर विद्यार्थ्यांचा सहसा विश्वास बसत नाही. त्यासाठी बांधकामाच्या दुकानातून चार इंची पीव्हीसीच्या २० फुटी तीन नळ्या तासाभरासाठी मागून आणाव्यात आणि सरळ जोडून मैदानावर ठेवाव्यात. ही ६० फूट नळी क्रॉसलीच्या नळीच्या जवळपास भरते. एका तोंडाशी टाळी वाजवली की दुसरे टोक सताड उघडे असतानाही सुमारे एक-दशांश सेकंदाने प्रतिध्वनी येतो. घड्याळाने तो मोजणे कठीण. टाळ्या आणि प्रतिध्वनी यांचा ठेका जुळवला आणि वीस टाळ्यांचा वेळ घेतला तर ध्वनीचा वेगही बरा निघतो.

आजच्या गाडीला हेडर निवडू पाहणाऱ्यापुढे मात्र वेगळीच अडचण आहे. १ एप्रिल १९९५ पासून आपल्याकडे चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना उत्प्रेरक परिवर्तक सक्तीचा झाला. आता तो लवकर तापावा म्हणून बहुधा इंजिनाला अगदी चिकटून, हेडरच्या जागेतच बसवतात. बाजारातला हेडर बसवायचा तर अनेकदा हा परिवर्तकच काढावा लागतो. मग कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडे सरळ बाहेर पडतात आणि १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा भंग होतो तो वेगळाच. अलीकडच्या कित्येक इंजिनांत तर चारही वाटा सिलिंडर-हेडच्या ओतकामातच एकत्र होतात आणि बाहेर एकच तोंड येते. तिथे बदलायला हेडर उरलेलाच नाही.