रोग्याचे तेल मरणाऱ्याचे कसे झाले

धर्मगुरू तेल घेऊन घरी आले की आता सगळे संपले, असे कॅथलिक कुटुंबे शतकानुशतके समजत आली. रोग्याला तेल लावण्याचा हा संस्कार उभा आहे तो बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातल्या एका सूचनेवर. आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावे, त्यांनी प्रार्थना करून तेल लावावे, प्रभू त्याला उठवील. आणि त्याच्या हातून पापे घडली असतील तर त्यांची क्षमा होईल. रोगी उठेल हे इथे आधी येते. पापाची बाब जर-तरची आहे. इ.स. 416 मध्ये पोप पहिले इनोसंट यांनी गुब्बियोच्या बिशपांना लिहिलेल्या पत्रावरून दिसते, की बिशपांनी आशीर्वादित केलेले तेल सामान्य ख्रिस्ती माणूसही स्वतःला आणि घरच्यांना लावू शकत असे. मात्र जाहीर प्रायश्चित्त चालू असलेल्यांना ते देऊ नये, अशी अट त्याच पत्रात आहे. पुढचे सारे वळण मला या अटीत दिसते. त्या काळी असे प्रायश्चित्त आयुष्यात एकदाच मिळे आणि त्याची कडक बंधने नंतरही सुटत नसत, म्हणून लोक ते शेवटच्या दुखण्यापर्यंत लांबवत. तेलाचा क्रम प्रायश्चित्तानंतरचा, म्हणून तेही मृत्युशय्येपाशी गेले. कॅरोलिंजियन काळात ते लावण्याचा अधिकार धर्मगुरूंपुरता उरला. जिथे दुखते तिथे लावण्याची जुनी सूचना मागे पडली. डोळे, कान, नाक, ओठ, हात, पाय या पापाच्या वाटांवर तेल लागू लागले. 1439 मध्ये फ्लॉरेन्सच्या परिषदेने तर मृत्यूची भीती असलेल्या रोग्यालाच ते द्यावे असे ठरवले.

कफर्णहूमच्या पक्षाघाती माणसाला येशूने आधी क्षमा केली, तेव्हा क्षमाच मुख्य, असे कोणी म्हणेल. पण तो माणूस आपली बाज उचलून घरी गेला. क्षमेने त्याचे शरीर वाऱ्यावर सोडले नाही. जन्मांधाचे अंधत्व त्याच्या किंवा आईबापांच्या पापामुळे नाही, असेही येशूने स्पष्ट सांगितले आहे. रोग म्हणजे पापाची शिक्षा, हा हिशेब तिथेच मोडतो. अनेक ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये पवित्र सप्ताहातल्या बुधवारी चालत्याफिरत्या भाविकांनाही हे तेल लावतात. क्षमा आणि आरोग्य एकत्र मागायला मरणाची वाट पाहावी लागत नाही.

1963 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने या संस्काराला ‘रुग्णांचा अभ्यंग’ म्हणणे अधिक योग्य ठरवले. 1972 च्या सुधारणेनंतर तेल कपाळाला आणि हातांना लावतात, आणि ऑलिव्ह मिळत नसेल तर दुसरे वनस्पतिजन्य तेलही चालते. गंभीर आजारामुळे शस्त्रक्रिया होणार असेल तर तिच्याआधीही ते घेता येते. यामुळे मरणाऱ्याचा आधार हिरावला, ही तक्रार मला पटत नाही. त्याच्यासाठी चर्चचा खास संस्कार आजही आहे: वाटेची शिदोरी म्हणून दिला जाणारा शेवटचा कम्युनियन.