लेणी कुणाची? महाराष्ट्रातील वटवाघळे आणि त्यांच्या अभ्यासाचा इतिहास

१/ इ.स. १८१९. जॉन स्मिथ हा ब्रिटिश अधिकारी अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात शिरला. या घटनेला अजिंठ्याचा ‘शोध’ म्हणण्याची प्रथा आहे. परंतु लेणी रिकामी नव्हती. भिक्षू निघून गेल्यावर शतकानुशतके त्यांचा ताबा वटवाघळांकडे होता.

२/ या वस्तीची किंमत चित्रांनी मोजली. वटवाघळांच्या विष्ठेने व मूत्राने भित्तिचित्रांची हानी झाली, हे खरे. म्हणूनच पुरातत्त्वाच्या लेखनात हा प्राणी बहुधा आरोपी म्हणूनच येतो. त्याचा स्वतःचा इतिहास मात्र क्वचितच सांगितला जातो.

३/ त्या इतिहासाची आरंभीची नोंद डब्ल्यू. एच. साइक्स यांची. मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकीय पाहणी करणाऱ्या या लष्करी अधिकाऱ्याने १८३१ मध्ये दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी प्रसिद्ध केली. तीत वटवाघळेही होती. पण ही यादी नावांची. प्राणी राहतो कोठे आणि वाढतो कसा, हे प्रश्न पुढच्या पिढ्यांसाठी उरले.

४/ १९११ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सस्तन प्राण्यांचे सर्वेक्षण हाती घेतले. त्यात बेळगाव जिल्ह्यातील तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेत मोठ्या कानांचे एक अपरिचित वटवाघूळ सापडले. १९१३ मध्ये लंडनच्या ओल्डफील्ड थॉमस यांनी त्याचे वर्णन केले आणि सर्वेक्षणाचे एक सूत्रधार, निवृत्त वनाधिकारी रॉटन यांचे नाव त्याला दिले.

५/ पुढे सुमारे नऊ दशके या प्राण्याचे जगातील एकमेव ज्ञात ठिकाण म्हणजे ही एक गुहा! छतातील खोबणींत दाटीवाटीने लटकणारी ती छोटीशी वसाहत उठवली गेली असती, तर एक संपूर्ण प्रजाती नष्ट झाली, असेच विज्ञानाने मानले असते. या शतकाच्या आरंभी ती कंबोडिया व मेघालयातही आढळली.

६/ १९६२-६३ मध्ये फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ आंद्रे ब्रोसे यांनी मध्य व पश्चिम भारतातील वटवाघळांवर दीर्घ लेखमाला लिहिली. निवाऱ्याची निवड प्रजातीगणिक वेगळी असते. मोठे फलाहारी वटवाघूळ वड, चिंच अशा उंच झाडांवर उघड्यावर लटकते. रूसेटस हे दुसरे फलाहारी वटवाघूळ गुहेचा अंधार निवडते. बेडूक, उंदीर व लहान पक्षी खाणारे मेगाडर्मा पडके वाडे, किल्ले, मंदिरे यांत राहते. कित्येक लहान कीटकभक्षी जाती तर भिंतीच्या फटीतच संसार मांडतात.

७/ जीवनचक्राचे कोडे उलगडण्याचे मोठे श्रेय विदर्भाला जाते. नागपूरचे एम. ए. मोघे यांनी १९५१ मध्ये मोठ्या फलाहारी वटवाघळाच्या गर्भविकासावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. ए. गोपालकृष्ण व त्यांच्या विद्यार्थ्यांनी तर अनेक दशके नागपुरातून याच विषयाचा पाठपुरावा केला.

८/ त्यांचे निष्कर्ष चकित करणारे आहेत. रूसेटसची मादी वर्षातून दोनदा विते : नोव्हेंबरमध्ये राहिलेल्या गर्भाचे पिल्लू मार्चमध्ये जन्मते आणि लगेच दुसरी गर्भधारणा होते. टॅफोझोअस लाँगिमॅनसला ठरावीक हंगामच नाही. त्याचे प्रजनन वर्षभर चालते. स्कोटोफिलसमध्ये समागमानंतर शुक्रजंतू मादीच्या शरीरात काही आठवडे जिवंत राहतात आणि गर्भधारणा नंतर होते.

९/ बहुतेक मोठ्या जातींत एका वेळी एकच पिल्लू जन्मते. उंदराएवढ्या आकाराच्या प्राण्याच्या मानाने ही गती फार मंद आहे. म्हणून पिल्ले आईच्या पोटाला चिकटलेली असताना निवारा मोडला, तर त्या वसाहतीची जवळपास एक पिढीच बुडते. वड तोडावा की नाही, यापेक्षा तो केव्हा तोडला जातो, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा ठरतो.

१०/ कायद्याला हे उशिरा उमगले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने फलाहारी वटवाघळांना कावळे व उंदरांसोबत ‘उपद्रवी’ ठरवले. रॉटनच्या वटवाघळाला मात्र पहिल्या अनुसूचीचे संरक्षण लाभले आणि त्याच्या गुहेचा परिसर २०११ मध्ये भीमगड अभयारण्य झाला. उपद्रवी प्राण्यांची ती अनुसूची २०२२ च्या दुरुस्तीने वगळण्यात आली.

११/ अजिंठ्यातून वटवाघळे हटवणे आवश्यकच होते. ती चित्रे पुन्हा काढता येणार नाहीत. पण भंडारा जिल्ह्यातील करडीसारख्या गावातल्या जुन्या चिंचेवर किंवा ओसाड गढीत अशी चित्रे नसतात. तेथे वसाहत हटवण्याआधी ती कोणत्या जातीची आहे आणि महिना कोणता आहे, एवढे तरी विचारता येते. त्याची बरीच उत्तरे नागपूरच्या संशोधकांनी केव्हाच लिहून ठेवली आहेत.